डोळ्यांनी लिहिलेली अक्षरे

गटाच्या बैठकीत आपण हिशेब लिहितो, ठराव वाचतो, खाली सह्या करतो. लिहायला हात लागतो आणि बोलायला जीभ, हे आपण धरूनच चालतो. आज मी ज्या लिखाणाचा इतिहास सांगणार आहे, त्यात हातही नाही आणि जीभही नाही. फक्त डोळे आहेत. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे मांडलेली असतात. माणूस हव्या त्या अक्षराकडे बघतो, नजर क्षणभर तिथेच ठेवतो आणि ते अक्षर उमटते. अशी अक्षरे जोडत शब्द होतो, शब्दांचे वाक्य होते आणि संगणक ते वाक्य मोठ्याने वाचूनही दाखवतो.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला कशाला? तर आपल्या वाडीवाडीत नजर टाका. अंगावरून वारा गेलेली एखादी आजी, जन्मापासून हातपाय ताठ असलेले एखादे पोर, स्नायू हळूहळू निकामी होत गेलेला एखादा कर्ता पुरुष. त्यांच्यासमोरच आपण बोलतो, "तिका काय कळता?" जीभ गेली म्हणजे समज गेली असे आपण धरतो. पुष्कळदा ते खरे नसते. मोटर न्यूरॉन नावाच्या आजारात हातपाय, जीभ, गिळणे सगळे जाते, पण डोळ्यांची हालचाल बहुधा अगदी शेवटपर्यंत टिकते आणि पुष्कळांची बुद्धीही शाबूत राहते. मेंदूच्या देठाला झटका बसलेल्या काही रुग्णांचेही तसेच होते. आत माणूस पूर्ण जागा असतो आणि बाहेर फक्त पापणी हलत असते.

डोळ्यांची भाषा बायकांना काही नवी नाही. चारचौघांत तोंड उघडायची मुभा नव्हती, तेव्हा आपल्या आज्या जावेशी, नणंदेशी डोळ्यांनीच बोलत. पण खुणेने "हो" म्हणणे वेगळे आणि अक्षर अक्षर लावून मनातली गोष्ट सांगणे वेगळे. त्या दोहोंमधली वाट माणसाने कशी पार केली, ते बघू.

या वाटेचा एक जुना पत्ता एका कादंबरीत सापडतो. फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा यांची 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः छापून आली. तिच्यात न्वार्तिए नावाचे एक म्हातारे आजोबा आहेत. सगळे अंग लुळे, वाचा गेलेली. डोळे मिटले की "हो", डोळे मिचकावले की "नाही". त्यांची नात व्हॅलेंटाइन त्यांच्यापुढे मुळाक्षरे म्हणते. आजोबा खूण करतील तिथे थांबते. मग शब्दकोश उघडून पानावरून बोट फिरवते आणि नेमका शब्द पकडते. या आजोबांना आपले मृत्युपत्र बदलायचे असते. लिहून घ्यायला आलेला नोटरी आधी कचरतो, की न बोलणाऱ्या माणसाचे मृत्युपत्र करायचे कसे? नात त्याला पद्धत दाखवते, त्याची खात्री पटते आणि मृत्युपत्र होते.

गोष्ट कल्पनेतली आहे, पण तिचे मर्म खरे आहे. शब्द मिळाला की माणसाला घरातला हक्कही परत मिळतो.

न बोलता दिलेली साक्ष खरी मानायची का, हा प्रश्न आपल्या देशातल्या न्यायालयापुढेही आला होता. १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे दुलारी नावाच्या एका तरुण स्त्रीच्या खुनाचा खटला होता. तिचा गळा चिरलेला होता. शुद्ध होती, पण आवाज फुटत नव्हता. तिला एकेक नाव घेऊन विचारले गेले आणि तिने हाताच्या खुणेने उत्तरे दिली. ती मेल्यावर वाद झाला, की ही साक्ष म्हणायची का? न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने सांगितले की प्रश्न आणि त्याला केलेली खूण मिळून ते तिचे म्हणणेच होते. तो निकाल आजही आधार म्हणून दाखवला जातो. तिथे डोळे नव्हते, हात होता. पण तोंडातून आवाज आला तरच ते बोलणे, ही समजूत तिथे मोडली.

आता यंत्राकडे वळू. यंत्राचा इतिहास सुरू होतो तो आजाऱ्यांपासून नाही, तर वाचनापासून. आपल्याला वाटते, वाचताना डोळा ओळीवरून सरळ घरंगळत जातो. पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले की तसे होत नाही. डोळा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. आपल्या किनाऱ्यावर लाटेच्या कडेने धावणारे छोटे पक्षी बघा. तुरुतुरु धावतात, थांबून वाळूत चोच मारतात, परत धावतात. डोळा अगदी तसाच वाचतो. कोणी वर्तमानपत्र वाचत असेल तर समोर बसून तिच्या डोळ्यांकडे बघा, तुम्हालाही दिसेल. दैव असे की याच जाव्हाल यांची दृष्टी पुढे काचबिंदूने पूर्ण गेली. तरी ते लिहीत राहिले आणि अंध माणसांनी रोजचे जगणे कसे सोपे करावे यावर त्यांनी पुस्तक लिहिले.

थांबणे आणि उडी, हे कळल्यावर ते मोजायची धडपड सुरू झाली. अमेरिकेत एडमंड ह्यू या संशोधकाने बुबुळावर बसेल अशी प्लास्टरची छोटी वाटी केली, मध्ये बघायला भोक ठेवले आणि तिला हलका ॲल्युमिनियमचा काटा जोडला. डोळा हलला की काटा हलायचा. ऐकूनच डोळ्यात पाणी येते! १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्याने डोळ्याला हात न लावता मोजायची युक्ती काढली. डोळ्यावर प्रकाश पाडायचा आणि बुबुळावर त्याचा जो चमकता ठिपका दिसतो, त्याचा फोटो घेत राहायचे. आजची यंत्रेही मुळात याच ठिपक्यावर चालतात.

१९६०च्या दशकात रशियातले शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी आणखी एक मोलाची गोष्ट दाखवली. त्यांनी एकच चित्र लोकांपुढे ठेवले, पण प्रश्न बदलले. "या घरची परिस्थिती कशी आहे?" असे विचारले की नजर कपड्यांवर, सामानावर फिरे. "माणसांची वये सांगा" म्हटले की नजर चेहऱ्यांवर जाई. म्हणजे नजर उगाच भटकत नाही, ती मनातल्या प्रश्नामागे जाते. बाजारात मासळीच्या पाटीसमोर उभी राहिलेली बाई बघा. तिची नजर आधी कल्ल्यांवर जाते, कारण तिच्या मनात मासा ताजा की शिळा हा प्रश्न असतो.

संगणक आल्यावर १९८०च्या दशकात अमेरिकेत या सगळ्याचा उपयोग लिहिण्यासाठी होऊ लागला. व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेवर चालणारा संगणक तयार केला. तो कसा चालतो ते साध्या शब्दांत सांगते. टीव्हीच्या रिमोटमधून जसा आपल्याला न दिसणारा प्रकाश निघतो, तसाच मंद प्रकाश डोळ्यावर पडतो. बुबुळावर त्याचा ठिपका चमकतो. डोळा वळला की मधली बाहुली सरकते, पण ठिपका जवळपास जागच्या जागी राहतो. या दोहोंमधले अंतर कॅमेरा टिपतो आणि त्यावरून माणूस पडद्यावर कुठे बघतो आहे ते संगणक ओळखतो. सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक ठिपका दाखवतात. त्याच्याकडे बघून यंत्राला आपल्या डोळ्याची ओळख करून द्यावी लागते. त्या काळात नेम इतका बारीक नव्हता, म्हणून पडद्यावर मोजकेच मोठे चौकोन ठेवत. एका चौकोनात बघितले की त्यातली अक्षरे उघडत.

इथे एक गंमतीची अडचण आली. भस्मासुराची गोष्ट आठवा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील ते भस्म. इथे जिथे नजर जाईल ते अक्षर उमटू लागले! माणूस नुसता शोधत असला तरी यंत्राला वाटे की हेच हवे. त्यावर उपाय निघाला थांबण्याचा. एखाद्या अक्षरावर नजर ठरावीक वेळ, साधारण अर्धा ते एक सेकंद, टिकली तरच ते घ्यायचे. पण मग लिहिणे संथ झाले. अशा पद्धतीने मिनिटाला साधारण पाच ते दहा शब्द होतात. केंब्रिजमधले डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅके यांनी २००२ मध्ये 'डॅशर' नावाची वेगळी पद्धत जगापुढे आणली. तिच्यात अक्षरे पडद्यावर आपल्याकडे वाहत येतात आणि पुढे येण्याची शक्यता असलेले अक्षर मोठे दिसते. होडी वल्हवावी तशी नजरेने दिशा द्यायची. लिखाणाचा वेग त्याने बराच वाढला, आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट दिले.

यंत्रे अशी सुधारत होती, तेव्हाच फ्रान्समध्ये यंत्राशिवाय एक आख्खे पुस्तक डोळ्याने लिहिले गेले. जाँ-डॉमिनिक बोबी हे 'एल' या स्त्रियांच्या नियतकालिकाचे संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांना मेंदूचा झटका आला. शुद्ध आली तेव्हा फक्त डावी पापणी हलत होती. बर्क या समुद्रकाठच्या गावातल्या रुग्णालयात त्यांना ठेवले होते. तिथे त्यांच्यासाठी मुळाक्षरांचा क्रमच बदलला. फ्रेंच भाषेत जे अक्षर जास्त वेळा लागते ते आधी, कमी लागते ते नंतर. १९९६च्या उन्हाळ्यात क्लोद मांदिबिल नावाच्या बाई रोज त्यांच्याजवळ बसत. अक्षरे म्हणत जात, पापणी मिटली की थांबत आणि ते अक्षर लिहून घेत. पुन्हा पहिल्यापासून. पुस्तक मार्च १९९७ मध्ये निघाले आणि त्यानंतर काही दिवसांतच बोबी वारले. पुस्तकाच्या नावात पाणबुड्याचा जड पोशाख आहे आणि एक फुलपाखरू आहे. अंग त्या पोशाखात अडकलेले आणि मन फुलपाखरासारखे सुटे.

मैत्रिणींनो, इथे थोडे थांबू या. कादंबरीतली नात असो की खरीखुरी क्लोद मांदिबिल, या गोष्टीत डोळ्यांइतकाच महत्त्वाचा आहे तो शेजारी बसून वाट बघणारा माणूस. यंत्र काय करते? ती वाट बघायचे काम करते. यंत्र परवडले तर उत्तमच. पण यंत्र नाही म्हणून बोलणे थांबायचे कारण नाही, हेच हा इतिहास सांगतो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. खुर्चीला खिळलेला माणूस संगणकाच्या आवाजात बोलतो, हे तेव्हा आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा पाहिले. पुष्कळांना वाटते ते डोळ्यांनी लिहीत. तसे नाही. पडद्यावर अक्षरांवरून खूण आपोआप फिरत राही आणि हव्या जागी आली की ते आधी हातातले बटण दाबत. पुढे हात गेल्यावर गालाचा स्नायू हलवून तेच काम करत. म्हणजे डोळेच हवेत असे नाही. शरीरात जे काही हलते त्यावर अक्षर उभे करता येते.

त्याच मुंबईत त्याही आधीपासून मालिनी छिब हे करत होत्या. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली आणि अशा मुलांसाठी कुलाब्यात शाळा काढली. मालिनीताईंचे बोलणे परक्यांना समजत नाही. पण त्यांची एक करंगळी त्यांचे ऐकते. त्या करंगळीने टाइप करत त्या शिकल्या, लंडनला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आपले आत्मचरित्रही त्याच करंगळीने लिहिले. पुस्तकाचे नावही 'वन लिटल फिंगर', म्हणजे एक छोटे बोट.

पण हे सगळे इंग्रजीत. मराठीचे काय? इंग्रजीत २६ अक्षरे असतात. आपल्याकडे व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे. डोळ्याने एवढे सगळे शोधायचे म्हणजे दमणूक. यावरही काम झाले आहे. आयआयटी मुंबईतल्या अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कीबोर्ड दिला. 'क' दाबला की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. तो बोटासाठी आहे, पण आधी व्यंजन आणि मग त्याची बाराखडी, ही वाट त्याने दाखवली. आयआयटी मुंबईतच न बोलणाऱ्या मुलांसाठी 'जेलो' नावाचे चित्रांचे ॲप तयार झाले. खास नजरेसाठी सांगायचे तर २०१८ मध्ये योगेशकुमार मीना आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी नजरेवर चालणाऱ्या हिंदी कीबोर्डवरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यात आधी अक्षरांचा गट निवडायचा आणि मग त्यातले अक्षर. लिपी देवनागरीच, म्हणजे आपल्या अगदी शेजारची वाट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने चेन्नईच्या विद्या सागर संस्थेतल्या मुलांसाठी नजरेने चालणारा यंत्राचा हात केला. कापडावर छपाई करण्यासारखे काम त्याने करता यावे हा त्यामागचा विचार. आपण गटातून रोजगाराचे बोलतो, तेव्हा हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गट आणि मग अक्षर, हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता आला. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग. पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरे. आपल्या पूर्वजांनी ती तोंडात आवाज कुठे होतो त्यावरून लावली. आधी कंठ, मग टाळू, मग मूर्धा, मग दात आणि शेवटी ओठ. फ्रेंच लोकांना रुग्णासाठी अक्षरांचा क्रम नव्याने लावावा लागला. आपल्याकडे घर-रांग आखलेला तक्ता तयारच आहे. तोंडाच्या हिशेबाने केलेली मांडणी तोंड बंद पडलेल्याच्या कामी येऊ शकते.

करून बघा. आजीला "पाणी" म्हणायचे आहे. तुम्ही ओळी म्हणत जा, "क ची? च ची? ट ची? त ची? प ची?" आजीने पापणी मिटली. आता त्या ओळीतले "प?" लगेच मिटली. दुसऱ्या अक्षरासाठी "ट ची" ओळ, मग "ट, ठ, ड, ढ, ण". प आणि ण. काना-वेलांटी नाही दिली तरी घरच्या माणसाला कळते. जुन्या मोडी लिखाणात ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा भेद पाळत नसत, तरी दौलतीचे कागद त्यात वाचले गेलेच ना! उरलेली य ते ज्ञ ही अक्षरे सहाव्या आणि सातव्या ओळीत घ्या, स्वर आठव्या ओळीत. कोपऱ्यात "दुखते", "कूस बदला", "थांबा", "चुकले" असे नेहमीचे शब्द ठेवा.

काही पथ्ये मात्र पाळा. आधी "हो" ची आणि "नाही" ची खूण पक्की करा आणि ती घरातल्या सगळ्यांना एकच माहीत असू द्या. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे दोन-चार प्रश्न विचारून खूण तपासा. चष्मा असेल तर तो लावा, मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना दाखवा. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे, डोळेही थकतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, शब्द अर्धा असताना आपल्या मनाने पुरा करून मोकळे होऊ नका. वाक्य झाले की वाचून दाखवा आणि "असेच म्हणायचे होते ना?" विचारा. नाहीतर डोळे आजीचे आणि म्हणणे आपले, असे होते. जमिनीच्या, पैशाच्या बाबतीत तर तो अन्यायच.

यंत्रही आता पूर्वीइतके दूर नाही. २००९ मध्ये अमेरिकेत टोनी क्वान नावाच्या चित्रकारासाठी त्याच्या मित्रांनी चष्म्याची काडी आणि खेळाच्या यंत्राचा स्वस्त कॅमेरा जोडून 'आयरायटर' केला आणि तो कसा करायचा ते जगाला फुकट सांगितले. विंडोज संगणकात २०१७ पासून नजरेने चालवायची सोय आली. गुगलने २०२० मध्ये अँड्रॉइड फोनसाठी 'लुक टू स्पीक' हे मोफत ॲप काढले. त्यात डावीकडे, उजवीकडे, वर बघून तयार वाक्यांतले एक निवडता येते. २०२४ पासून ॲपलच्या नव्या फोनमध्ये वेगळे यंत्र न जोडता पुढच्याच कॅमेऱ्याने नजर ओळखतात.

कायदाही बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने संवादाच्या व्याख्येत खुणा, चित्रे आणि बोलण्याला पर्यायी अशा पद्धती धरल्या आहेत. मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळण्याचा आणि आपले पैशाचे व्यवहार पाहण्याचा दिव्यांग माणसाचा हक्क इतरांइतकाच आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून काय घ्यावे हे ग्रामसभेत सुचवायला आपणच उभे राहायला हवे.

तर या महिन्याच्या बैठकीत एक काम करू या. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत हा तक्ता काढा. तुमच्या वाडीत न बोलणारे कोण आहे त्याच्या घरी दोघीजणी जा, तक्ता समोर धरा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे.